राक्षसाची भूमिका कोणाला हवी?

मराठी नाटक सांगलीत जन्माला आले याचा अभिमान आम्हा सांगलीकरांना असतो आणि तो रास्तही आहे. परंतु त्या जन्मकाळी रंगभूमीवर सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता, हे आपण फारसे आठवत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या धाटणीच्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे, विदूषक लोकांना हसवी, देव आणि ऋषी आपापल्या जागी शोभून दिसत, आणि मग राळेच्या भडक्यात तलवारी नाचवीत, आरोळ्या ठोकीत राक्षसांची टोळी प्रवेश करी. पुढच्या काळातील शिकलेल्या मंडळींनी याच आरोळ्यांवरून या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून नाके मुरडली. त्यांचा आक्षेप मी समजू शकते, कारण त्यांना रंगभूमीवर बांधीव संवाद आणि माणसांची सुखदुःखे हवी होती. तरीही ती नाटके पाहून घरी गेलेल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी वाड्याच्या चौकात कोणाची नक्कल केली असेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

ही खात्री मला पुस्तकांतून आलेली नाही. गेली अनेक वर्षे मी सांगलीत शाळकरी मुलांची नाटके बसवते आणि त्यांच्यासाठी थोडेफार लिहिते. भूमिका वाटण्याच्या दिवशी राजपुत्रासाठी दोन-तीन हात वर होतात आणि तेही बहुधा ज्यांच्या आयांनी घरून सांगून पाठवलेले असते त्यांचे. राक्षसाचे नाव काढताच मात्र सगळी मुले जागची उठतात, त्यांत एरवी एक शब्द न बोलणारी मुलेही असतात आणि मुलीही असतात. पालक याचे कारण सोपे सांगतात, की मुलांना दंगा आवडतो आणि राक्षसाला दंगा करायला मिळतो. मला हे कारण अपुरे वाटते. मुलांना गोष्टीची रचना आपल्यापेक्षा लवकर कळते, असे माझे मत होत गेले आहे. राजपुत्र वाट पाहतो, राजकन्या वाट पाहते, राजा चिंता करतो; उठून काहीतरी करणारा एकटा राक्षसच असतो. जो गोष्ट सुरू करतो तो मुलांना व्हायचे असते.

गोष्ट सुरू करणारी पात्रे दोनच प्रकारची असतात, असे मी आता धिटाईने म्हणेन: एक खलपात्र आणि दुसरे खोडकर मूल. बाकीची सारी माणसे या दोघांनी केलेल्या उलथापालथीला उत्तर देत असतात. कैकेयीने वर मागितले नसते तर राम अयोध्येतच राहिला असता आणि रामायण राज्याभिषेकापाशीच संपले असते. गोकुळातला कृष्ण शहाण्या मुलासारखा पाटावर बसून दिलेले दूध प्यायला असता, तर आपल्या संतांना गौळणी लिहायला विषयच उरला नसता. या दोघांनाही काहीतरी मनापासून हवे असते, त्यासाठी ते बेत आखतात, लपतात, थापा मारतात, साथीदार जमवतात आणि दुसऱ्याची तारांबळ पाहून त्यांना आनंद होतो. वरवर पाहिले तर दोघे एकाच घरचे दिसतात. म्हणूनच दोघांना गोष्टीत एकमेकांसमोर उभे करणे हे लेखकाचे सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचे काम आहे.

कृष्णकथेत हे काम ज्या कौशल्याने झाले आहे, तिथे मी पुन्हा पुन्हा जाते. भागवतात कालियाच्या विषाने दूषित झालेले पाणी पिऊन गाई आणि गोपाळ निपचित पडतात, आणि कृष्ण डोहात उडी घेतो ती त्या संकटावर उपाय म्हणून. आपल्याकडे मात्र ही कथा चेंडूची झाली. तुकोबांच्या बाळक्रीडेच्या अभंगांत गोपाळांचा चेंडूचा खेळ आहे, आणि गावोगावच्या कीर्तनांत आणि आजीच्या तोंडून आपण ऐकलेला कालिया त्या डोहात गेलेल्या चेंडूमुळेच भेटतो. या एका बदलाने कथेचे सारे वजन बदलते. आता देव दुष्टाच्या पारिपत्याला निघालेला नाही. एक मूल आपले खेळणे आणायला निघाले आहे आणि वाटेत एक प्रचंड, विषारी, आपल्या डोहावर कोणाचा पाय पडू नये म्हणून फणा काढून बसलेला नाग आडवा आला आहे. मुलाला नागाशी वैर नाही, त्याला चेंडू हवा आहे. त्याच्या फणांवर नाचणे हेसुद्धा त्या खेळाचाच पुढचा भाग ठरते. आणि कथेचा शेवटही लक्षात घेण्याजोगा आहे: नागपत्न्या विनवतात, कृष्ण कालियाला मारत नाही, डोह सोडून जायला सांगतो. कालियाने आपण सज्जन झाल्याचे भाषण करावे अशी अपेक्षा कोणी धरत नाही. त्याने जागा सोडावी, एवढे पुरे असते.

पूतनेची कथा तर त्याहून धाडसी आहे. तान्ह्या बाळाला विष पाजायला आलेल्या राक्षसीइतके वाईट पात्र कोणत्या कथेत सापडेल? तरीही भागवतकार म्हणतात की तिने विष लावून का होईना, पण स्तन बाळाच्या तोंडी दिला, म्हणून तिला मातेची गती मिळाली. ही दया स्वस्त नाही. पूतना मरते, तिचा अक्राळविक्राळ देह कोसळतो, तिचे कृत्य कोणी पांघरूण घालून झाकत नाही, आणि हे सारे झाल्यावर तिच्या एका हालचालीची नोंद घेतली जाते. मला खलपात्र लिहिण्याचा याहून चांगला धडा माहीत नाही. त्याचे वाईटपण पुरते दाखवावे आणि त्याने केलेली एखादी माणुसकीची गोष्टही वाचकापासून चोरू नये.

आता आमच्या परिसराकडे परत येते, कारण खलपात्र आणि खेळकर मूल यांची गाठ घालणारे एक मोठे नाटक सांगलीजवळच्या हरिपुरात जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी लिहिले आहे. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत शारदा’कडे आपण बाला-जरठ विवाहाविरुद्धचे नाटक म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यातील भुजंगनाथ हा म्हातारा नवरदेव आणि पैशासाठी पोटच्या पोरीचा सौदा करणारा कांचनभट यांना लोकांच्या नजरेत उघडे पाडण्याचे काम देवलांनी आधी कोणाकडे दिले? शारदेच्या वयाच्या मुलींकडे. त्या मुली नवरदेवाच्या वयाची आणि रूपाची जी थट्टा करतात ती शाळकरी वयाची, निर्दय आणि निष्पाप अशी एकाच वेळी असते. हसता हसता त्या जे बोलतात ते मोठ्या माणसांपैकी कोणीही तोपर्यंत स्पष्ट बोललेले नसते. प्रेक्षक खळखळून हसतो आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात येते की ज्या मुलीपुढे ही थट्टा चालली आहे तिचेच हे लग्न आहे. खोडकरपणा दुखावू शकतो, हे देवलांना ठाऊक होते. शारदेच्या डोळ्यांतले पाणी पाहून प्रेक्षागृहातले हसू जिथे थांबते, तिथे नाटक खरे सुरू होते.

देवलांनंतरच्या पिढीतले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही सांगलीचेच. त्यांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवध’ नाटकातल्या कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, आणि तो सरकारलाही दिसला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतातला जुना खलपुरुष इतका जिवंत उभा करता येतो की राज्यकर्त्यांना त्याची धास्ती वाटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत नाही. मात्र त्या नाटकात मुलांना जागा नाही, म्हणून इथे अधिक रेंगाळत नाही.

राक्षसाची शिंगे आणि राळेचा धूर गेल्यानंतर आमच्या साखरपट्ट्यात खलपुरुष कसा दिसू लागला, हे ‘सामना’ या चित्रपटाने दाखवले. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात निळू फुले यांनी साखर कारखान्यावर सत्ता असणारा हिंदुराव उभा केला आहे. त्याच्या समोर आहेत डॉ. श्रीराम लागू, एका मास्तरच्या भूमिकेत. हिंदुराव रस्त्यावर भेटलेल्या एका फाटक्या, दारुड्या मास्तरला आपल्या वाड्यावर ठेवून घेतो, त्याला खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी गप्पा मारतो. त्याच्यातली ही ऐट, हा पाहुणचार, आपल्या मुलखाविषयी त्याला वाटणारा खरा अभिमान हे सगळे आपल्याला आवडू लागते, आणि मगच त्याच्या हातून काय झाले आहे ते कळते. निळू फुले प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात घडलेले, साधे आणि सज्जन गृहस्थ होते. तरीही पडद्यावरच्या भूमिकांमुळे अनोळखी बायाबापड्या त्यांना पाहून बिचकत असत. खलपात्र इतके खरे करणाऱ्या नटाला मिळालेली ही पावती त्याच्यावर अन्यायही करते, आणि तो अन्याय त्यांनी हसतमुखाने स्वीकारला म्हणून मला त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटतो.

तेंडुलकरांचे नाव निघाले आहे तर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६७ साली प्रथम सादर झालेल्या या नाटकात एकही मूल रंगमंचावर येत नाही, आणि तरीही ते खेळाविषयीचे मराठीतले सर्वांत भेदक नाटक आहे. फावल्या वेळात मोठी माणसे लुटुपुटूचा खटला खेळू लागतात. लीला बेणारे नावाची शिक्षिका, जी स्वतः सर्वांत अधिक खेळकर आहे, तिला गंमत म्हणून आरोपी करतात. आणि हळूहळू गंमतीच्या आडून सगळे मिळून तिचे लचके तोडतात. खेळात मुलांना एक गोष्ट नेहमी ठाऊक असते, की कोणी खरेच रडू लागले तर खेळ थांबवायचा. ‘थांब, हिला लागलंय’ हे वाक्य आमच्या गल्लीत दररोज संध्याकाळी ऐकू येते. तेंडुलकरांच्या नाटकातल्या सभ्य माणसांपैकी कोणालाही ते वाक्य उच्चारावेसे वाटत नाही.

माझ्या दृष्टीने खोडकर मूल आणि खलपुरुष यांना वेगळे करणारी रेघ इथे आहे. दोघेही नियम मोडतात, दोघेही फसवतात. मुलाची खोडी समोरच्याच्या दुःखापाशी येऊन अडखळते, कधी उशिरा, कधी अर्धवट, पण अडखळते. खलपुरुषाला ते दुःख दिसते आणि तो पाऊल पुढेच टाकतो. ज्या कथेत हा अडखळण्याचा क्षण लिहिलेला नसतो, तिथे मूल केवळ मोठ्यांच्या करमणुकीसाठी ठेवलेले राहते. आणि ज्या कथेत खलपुरुषाला समोरचे दुःख दिसतच नाही, तिथे तो माणूस न राहता निव्वळ अडथळा होतो, जो वाटेतल्या दगडासारखा बाजूला करता येतो आणि विसरताही येतो.

मुलांच्या मराठी साहित्यात या दोन टोकांची दोन उत्तम पात्रे आहेत आणि दोघांचीही मी भक्त आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला संकटांशिवाय चैन पडत नाही. तो जिथे जाईल तिथे कोणी ना कोणी बदमाश काहीतरी लपवीत, पळवीत किंवा उडवून देण्याच्या बेतात असतो, आणि बनेशच्या तोंडून ‘ट्टॉक’ निघाले की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. या कथांतले खलपुरुष बहुतेक वेळा एकाच कारणाने हरतात: ते मुलाला हिशेबात धरत नाहीत. त्याच्यासमोर बोलतात, त्याला चुकीच्या जागी कोंडतात, किडकिडीत पोरगा काय करणार असे समजतात. मोठी माणसे आपल्याला हिशेबात धरत नाहीत हा प्रत्येक मुलाचा रोजचा अनुभव असतो आणि भागवत त्या अनुभवाचेच हत्यार करून मुलाच्या हाती देतात.

दुसरे टोक कराडमध्ये लिहिले गेले. प्रकाश नारायण संत कराडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवीत, आणि त्यांचा लंपन ‘वनवास’पासूनच्या चार कथासंग्रहांत आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी वाढतो. त्याच्या जगात खलपुरुष जवळपास नाहीच. ‘मॅड’ हा शब्द वारंवार वापरत तो गावभर हिंडतो, खोड्या करतो, मित्रांच्या नादी लागतो, सुमीच्या आठवणीने व्याकूळ होतो. त्याच्या कथांना गती देणारी गोष्ट म्हणजे आई जवळ नसणे, आणि या गोष्टीला तलवारीने मारता येत नाही की डोहातून हाकलून देता येत नाही. संतांनी खोडकर मुलाला दुष्टाशिवाय उभे करून दाखवले, आणि त्यामुळे त्याच्या खोड्यांमागचे एकटेपण वाचकाला दिसले. परंतु हे संतांना साधले म्हणून सर्वांना साधेल असे नाही. त्यांचे अनुकरण करताना अनेक जण खलपुरुषाबरोबर दुःखही काढून टाकतात आणि मग पानावर नुसता गोडवा उरतो.

हा गोडवा मला अलीकडे फार छळतो. मुलांच्या नाटकांविषयी बोलताना पालक आणि काही शिक्षकही आग्रह धरतात की राक्षस मरू नये, त्याने शेवटी क्षमा मागावी, सर्वांनी हात धरून गाणे म्हणावे. यामागची काळजी मला समजते. घराघरांतल्या पडद्यांवर मुले इतका हिंसाचार पाहत असतात की निदान शाळेच्या रंगमंचावर तरी तो नको, असे कोणत्याही आईला वाटेल. परंतु शेवटच्या दोन मिनिटांत सुधारणाऱ्या राक्षसावर मुलांचा विश्वास बसत नाही, हे मी विंगेत उभी राहून पुष्कळदा पाहिले आहे. राक्षस ‘मी चुकलो’ म्हणतो तेव्हा प्रेक्षागृहातली मुले चुळबुळ करू लागतात, कोणी पाणी मागते, कोणी शेजाऱ्याशी बोलू लागते. आणि तोच राक्षस आधीच्या प्रवेशात खिडकीतून हळूच डोकावतो तेव्हा दोनशे मुलांचा श्वास अडकलेला असतो. रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ इतकी दशके का टिकले, याचे उत्तर त्यातल्या चेटकिणीत आहे. आधी दिलीप प्रभावळकर आणि २०१८ साली नव्याने आलेल्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी ती भूमिका केली. मुले तिला घाबरतात, तिच्यावर ओरडतात, आणि घरी जाऊन तिच्यासारखे बोलतात. तिला सौम्य केले असते तर यांतले काहीच घडले नसते.

खलपात्राला माणूस करायचे असेल तर ते शेवटी भाषण देऊन होत नाही, आरंभापासून करावे लागते, हे मला एका मुलीने शिकवले. आमच्या एका नाटकात ती चेटकीण होती. तालमीत चेटकिणीच्या घराचा प्रवेश बसवताना मी तिला सांगितले होते की काढा उकळायचा, हसायचे आणि मुलांना डांबून ठेवायचे. तिने काढा उकळला, आणि मग कोणी न सांगता दोन पेले मांडले. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘बाई, ती एकटीच राहते ना, मग रोज कोणीतरी येईल असं वाटत असेल तिला.’ संहितेतला एकही शब्द बदलला नाही. चेटकीण पुढे तितक्याच दुष्टपणे वागली आणि तिचा शेवटही ठरला होता तोच झाला. परंतु त्या दुसऱ्या पेल्यामुळे तिने मुलांना का पकडले होते, हे प्रेक्षकांतल्या सर्वांत लहान मुलालाही कळले. पूतनेविषयी भागवतकारांना जे सुचले होते त्याच्या जवळपास जाणारे काहीतरी सहावीतल्या मुलीला सुचावे, याचे मला आजही नवल वाटते.

खोडकर मुलांच्या बाबतीत आपली चूक उलट दिशेने होते. राक्षसाला आपण उगीच सुधारतो आणि मुलाला उगीच शिक्षा देतो. मुलाने कैऱ्या पाडल्या की फांदी मोडून तो पडलाच पाहिजे, खोटे बोलला की त्याच संध्याकाळी ते उघड झालेच पाहिजे, अशा हिशेबाने लिहिलेल्या गोष्टी मुले मुकाट्याने वाचतात आणि विसरतात. खोडीला किंमत असावी, हे मला मान्य आहे. पण ती किंमत नियतीने वसूल केलेल्या दंडासारखी नसावी. कोणाच्या तरी चेहऱ्यावर ती दिसावी, आणि मुलाने ती स्वतः पाहावी.

सध्या मी जे नाटक लिहिते आहे ते नेमके याच जागी अडले आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ राहणारे एक भाऊ-बहीण आहेत आणि रात्री नदीतून चोरून वाळू उपसणारा एक मुकादम आहे. त्याला मी गावात मान दिला आहे, गोड गळा दिला आहे, आणि म्हाताऱ्या आईला दररोज स्वतःच्या हाताने जेवू घालण्याची सवय दिली आहे. मुले त्याच्या ट्रॅक्टरची चावी पळवतात आणि हळदीच्या जुन्या पेवात टाकतात. इथवर सारे झकास चालते, तालमीत हशा पिकतो. पण चावी हरवल्याचा ठपका मुकादमावर येत नाही. तो येतो ट्रॅक्टर चालवणाऱ्या गरीब पोरावर, त्याची मजुरी कापली जाते, आणि त्याची धाकटी बहीण या दोघांच्याच वर्गात असते. चावी परत दिली तर वाळूचा उपसा पुन्हा सुरू होणार आणि न दिली तर त्या पोराच्या घरात चूल पेटणार नाही. मुकादमाला हे दोन्ही कळते आणि तो मुलांना घरी बोलावून, चहा देऊन, शांतपणे समजावून सांगतो. भाऊ घाबरला आहे, बहीण अजून गप्प आहे. तिच्यासाठी मी लिहून पाहिलेली सगळी वाक्ये मोठ्या माणसाची वाटली म्हणून खोडली. येत्या रविवारच्या तालमीत मी हा प्रवेश इथपर्यंतच वाचून दाखवणार आहे आणि चावीचे काय करायचे, ते मुलांनाच विचारणार आहे. मुकादमाची भूमिका कोणाला हवी, हे मात्र विचारावे लागणार नाही.